मान्य नावाचं बटण

उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण माणसं टोमणा म्हणून वापरतात. मी तीसेक वर्षं नेमका तोच धंदा केला आणि चांगला केला, असं अजून वाटतं. कधीकधी वाटत नाही. का वाटत नाही, तेच लिहायला बसले आहे.

धंदा असा. मोठ्या कारखान्यात टाक्या, पंप, मोटारी, व्हॉल्व्ह शेकड्यांनी पसरलेले असतात. प्रत्येकापाशी माणूस उभा करता येत नाही. म्हणून प्रत्येकाची खबर तारेवरून एका खोलीत आणतात आणि तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अख्खा कारखाना चित्र काढल्यासारखा दिसतो. टाकी किती भरली, मोटार फिरते आहे का, तापमान किती. खोलीतला ऑपरेटर ते बघतो आणि तिथूनच पंप चालू-बंद करतो. काही बिनसलं की भोंगा वाजतो आणि पडद्यावर एक लाल ओळ लुकलुकायला लागते. तो अलार्म. हे सगळं दाखवणारं नि चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्काडा. आमच्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणींना सांगत, "आमची सून कंपन्यांना काढा करून देते." दोन-तीनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. काढा निदान लोकांना कळतो.

चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, शहराभोवतीच्या या सगळ्या औद्योगिक वसाहतींत मी आणि माझा भागीदार मुजीब एका जुन्या स्कूटरवरून आणि नंतर एका तितक्याच जुन्या गाडीतून हिंडलो. गिऱ्हाइकं एकेक वल्ली. एका मालकांना पडदा स्वतःच्या केबिनमध्ये, पाहुण्यांना दाखवायला हवा होता, आणि त्यावर चिमणीतून धूर हलताना दिसला पाहिजे हा हट्ट. काढून दिला धूर. पुढे बॉयलर दुरुस्तीसाठी चार दिवस बंद होता, तेव्हाच साहेब पाहुणे घेऊन आले. पडद्यावर धूर झकास निघत होता. एका पाहुण्यानं खिडकीतून खरी चिमणी बघितली. मालकांचा फोन आला, "बाई, तुम्ही मला चारचौघांत तोंडघशी पाडलं." मी म्हटलं, "साहेब, धूर तुम्ही मागितला होता. तो बॉयलरला जोडा असं म्हणाला नव्हतात." असं उलट बोलायची मला खोडच आहे. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी रंगावरून दोन खात्यांत जुंपली. विजेचं काम करणाऱ्यांच्या लेखी लाल म्हणजे चालू, हात लावू नका. बाकीच्यांच्या लेखी लाल म्हणजे बंद, चौकातल्या सिग्नलसारखं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. शेवटी चालूला पांढरा आणि बंदला करडा रंग दिला, तेव्हा दोघंही सारखेच नाराज झाले आणि काम पुढे सरकलं. रंगाच्या बाबतीत मी इतकी सावध होते. शब्दाच्या बाबतीत मात्र नव्हते.

वाळूजला औषधांसाठी लागणारा कच्चा माल करणारा एक कारखाना होता. तिथल्या मोठ्या साहेबांनी सांगितलं, पडद्यावर सगळं मराठीत पाहिजे, आमची माणसं इंग्रजीला बिचकतात. मला आनंद झाला. आमच्या धंद्यात मराठी फक्त शिव्या द्यायला वापरतात. मी शब्दकोश घेऊन बसले आणि महिनाभर एकेक शब्द घडवला.

तिथल्या पॅनलवरचा, म्हणजे पडद्यासमोर बसणारा, सगळ्यात जुना माणूस म्हणजे हरिभाऊ वाघमोडे. कन्नडच्या पुढचं गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वडील अजून कळप घेऊन हिंडायचे, हा आयटीआय करून कारखान्यात लागला होता. कारखाना त्याच्या कानात होता. बाहेर पंपाचा आवाज बदलला की चहा खाली ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात माझं चित्र बघून म्हणाला, "मॅडम, लई आकडे भरलेत. आमचा आबा मेंढरं मोजत नाय. नुसती नजर फिरवतो अन् कोणतं नाय ते सांगतो. तसं दिसलं पायजे." मी अर्धे आकडे काढून टाकले. तीस वर्षांत मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला तो. महिनाभरानं तो मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागला.

आता ते बटण. अलार्म वाजला की ऑपरेटरनं ओळीवर एक बटण दाबायचं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की बाबा, मी हे पाहिलं. भोंगा थांबतो, ओळीचं लुकलुकणं थांबतं आणि वेळ नि ऑपरेटरचं नाव नोंदलं जातं. बिघाड दुरुस्त झाला असं नाही, फक्त माणसाच्या नजरेला आला. त्याला मराठीत काय म्हणायचं? 'पाहिला' म्हणावं तर पंप पाहिला, मोटार पाहिली, तापमान पाहिलं. लिंग प्रत्येक ओळीला बदलणार. 'स्वीकृत' म्हटलं तर सरकारी कचेरीत गेल्यासारखं वाटतं. मी 'मान्य' लिहिलं. लहान, लिंगबिंग काही नाही, बटणात बरोबर मावणारं. फार खूश झाले होते मी त्यावर.

शिकवणीच्या दिवशी हरिभाऊनं बोट ठेवलं.

"ताई, हे मान्य म्हंजी? काय मान्य?"

"अलार्म पाहिला, एवढंच."

"मान्य म्हंजी कबूल. माझ्या नावापुढं कबूल लिवून येणार. मी काय केलंय कबूल करायला?"

"अहो हरिभाऊ, नुसता शब्द आहे. मनावर कशाला घेता?"

"नुसता शब्द कामून असंल? उद्या कागद छापून निघंल तव्हा शब्दच ऱ्हाईल, आपण ऱ्हाणार नाय तिथं सांगायला."

बाकीचे हसले. मीही हसले. उपदेश करायला आलेल्या माणसाला उपदेश केलेला आवडत नाही, आणि महिनाभर घासून काढलेला शब्द तर मुळीच सोडवत नाही.

पण हसणारे सगळे हरिभाऊसारखेच वागायला लागले. मान्य कोणीच दाबेना. भोंगा तासन्‌तास वाजायचा. कुणी त्यावर कापड कोंबलं. मोठ्या साहेबांनी फोन करून झापलं, "तुमच्या मराठीनं डोकं उठवलंय." तेव्हा मी शब्द बदलायला हवा होता. मी शब्द ठेवला आणि दुसरं बटण दिलं. सर्व मान्य. एकदा दाबलं की यादीतले सगळे अलार्म एकदम पाहिल्याची नोंद. साहेबांनी हुकूम काढला, भोंगा वाजला की हे बटण दाबायचं, नाहीतर मेमो. मग दाबायला लागले, नाइलाजानं. पडद्यावर एका वेळी आठ ओळी दिसायच्या. नववीपासून पुढच्या बघायला खाली सरकवावं लागायचं. सर्व मान्य मात्र न दिसणाऱ्या ओळींनाही लागू व्हायचं. मला हे माहीत होतं. पुढच्या फेरीत सुधारू म्हणून मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. त्या वहीत अशा बऱ्याच गोष्टी होत्या.

पुढे वर्षभरानं, एका दुपारी, वीज क्षणभर गेली आणि आली. अशा वेळी अलार्मचा पाऊस पडतो. त्या दिवशी तेवीस आले. वरच्या आठ ओळी सगळ्या विजेच्या. पॅनलवर हरिभाऊ होता. त्यानं हुकमाप्रमाणे बटण दाबलं, विजेच्या खात्याला फोन केला, ते आले, वीज ठीक आहे म्हणाले. खाली, न दिसणाऱ्या ओळींत, एका मोठ्या भांड्याला गार पाणी पुरवणारा पंप बंद पडल्याची ओळ होती. ते भांडं म्हणजे रिअ‍ॅक्टर, त्यात माल उकळत होता. पाणी थांबलं तसं तापमान चढायला लागलं. अठरा मिनिटांनी दुसरा, तापमानाचा अलार्म आला तेव्हा हरिभाऊ खोलीतून धावत बाहेर गेला आणि हातानं राखीव पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. तोवर आतला दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. माल गेला, छपराचा पत्रा गेला, हरिभाऊच्या मनगटाला भाजलं. दुसऱ्या कुणाला काही झालं नाही. त्यानं पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला नसता तर झालं असतं.

चौकशी बसली. पुराव्याला आमच्या सॉफ्टवेअरच्या नोंदीतून फक्त त्या पंपाच्या ओळी छापून काढल्या होत्या. पंप बंद, दोन वाजून बारा मिनिटं. मान्य, दोन वाजून तेरा मिनिटं, वाघमोडे. त्यानंतर अठरा मिनिटं काहीही नाही. फोन केल्याची नोंद सॉफ्टवेअर ठेवत नाही, आणि विजेच्या खात्याला कुणी विचारलं नाही. कंपनीचं म्हणणं सरळ होतं, यानं पंप बंद पडलेला पाहिला, तसं मान्य केलं आणि झोपला.

मला साक्षीला बोलावलं. जाण्याआधी आम्ही ऑफिसात मूळ नोंद उघडून बघितली. तेवीसच्या तेवीस अलार्म एकाच सेकंदाला मान्य झालेले. माणूस एका सेकंदात तेवीस ओळी वाचूच शकत नाही, म्हणजे त्यानं ती ओळ पाहिली नव्हती, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. मुजीब म्हणाला, "मॅडम, ये अपनेच हात का काम है. बोलना पडेंगा." मी म्हटलं, "विचारलं तर सांगूच की." एमआयडीसी म्हणजे एक गाव आहे. अमक्याच्या पडद्यामुळे भांडं फुटलं, एवढं एक वाक्य पसरलं की पुढचं काम कोण देतो? तेव्हा माझ्या मनात हेच होतं, दुसरं काही नव्हतं. आज मखलाशी करण्यात अर्थ नाही.

चौकशीच्या साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. या नोंदीत नंतर खाडाखोड करता येते का? नाही. या ओळीपुढे नाव वाघमोडे यांचंच आहे का? हो. दोन्ही उत्तरं खरी होती. मग त्यांनी हरिभाऊला विचारलं, तुला काही विचारायचंय का. तो उभा राहिला. मनगटाला पट्टी होती.

"ताई, मी ते बटण दाबलं तव्हा ती पंपाची ओळ मला दिसत होती का?"

मला उत्तर माहीत होतं. तासाभरापूर्वीच बघून आले होते. मी म्हणाले, "तपासून सांगते."

आमच्या धंद्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणतात. वेळ मारून न्यायला यापरतं सोयीचं काही नाही. चौकशीच्या साहेबांनी लिहून घेतलं आणि हरिभाऊ खाली बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला त्या दिवशी बरं वाटलं, बघितलं नाही म्हणून.

मी बारा दिवस तपासत होते. काय तपासत होते, देव जाणे. दरम्यान कंपनीनं त्याला सांगितलं, चूक मान्य आहे असं लिहून दे, खालच्या कामावर का होईना, नोकरी ठेवतो. त्यानं लिहून दिलं नाही. त्याला कामावरून काढल्याचा कागद घरी गेला. हे मला कळलं तरी मी हलले नाही. रोज सकाळी ठरवायची, रोज काहीतरी निघायचं.

तेराव्या दिवशी मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात होते. पार वेगळी कंपनी, वेगळी माणसं. जेवणाच्या सुट्टीत एक ऑपरेटर दुसऱ्याला म्हणाला, "जाय, मान्य करून झोप जरा." दोघं खळखळून हसले. मी विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाय का मॅडम? वाळूजला एक जण अलार्म मान्य करून झोपला अन् भांडं उडालं. आता आमच्यात डुलकी घेण्याला असंच म्हणत्यात."

माझा शब्द होता तो. महिनाभर बसून निवडलेला. मला तिथं उभं राहवेना. डबा तसाच टाकून मी वाळूजला गेले, मुजीबला फोन करून मूळ नोंद छापून मागवली आणि चौकशीच्या साहेबांपुढे लिहून दिलं. बटण आमचं, दोष आमचा, आम्हाला आधीपासून ठाऊक होता, वाघमोडे यांना ती ओळ दिसणं शक्य नव्हतं. साहेब म्हणाले, "हे तुम्ही त्याच दिवशी का सांगितलं नाही?" मी म्हटलं, "घाबरले होते." त्यांनी तेही लिहून घेतलं.

हरिभाऊला कामावरून काढल्याचा हुकूम मागे घेतला गेला. आमचं त्या कारखान्यातलं काम गेलं, आणखी दोन ठिकाणचं गेलं, मग हळूहळू दुसरं मिळालं. मला भीती होती तेवढं काही झालं नाही. तो कामावर परत आला, पण पॅनलवर बसला नाही. स्वतःहून स्टोअरचं काम मागून घेतलं. कारखान्याचा आवाज ऐकणारा माणूस खोकी मोजायला गेला, हे मला मुजीबकडून कळलं.

मग एका रविवारी मी कन्नडला गेले. जे चौकशीत लिहून दिलं तेच, त्याच्या नावानं, साध्या मराठीत एका कागदावर लिहिलं होतं, आणि खाली माफी मागितली होती. नेहमीच्या सवयीनं दोन प्रती काढल्या होत्या. एसटी स्टँडपासून त्याच्या गावाला जीप मिळाली. घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बाजेवर त्याचे वडील बसले होते, बाजूला वाघरात, जाळीच्या कुंपणात, मेंढरं. हरिभाऊ बाहेर आला.

"या मॅडम," तो म्हणाला.

ताई गेली होती. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण हाय?"

"त्या कांपुटरवाल्या बाई, आबा."

आबानं मला नीट न्याहाळलं. मग सावकाश म्हणाला, "बाई, तुम्हाला आमच्यातलं ठाऊक नसंल. आमच्या मान्साला चोर म्हना, येडा म्हना, एक वेळ चालतंय. राखनीला झोपला म्हनू नाय. माझ्या ल्योकाला बाजारात म्हन्ले. मी कन्नडचा बाजार सोडला."

मी कागद हरिभाऊच्या हातात दिला. त्यानं तो आबाला मोठ्यानं वाचून दाखवला, माफीपर्यंत, एकही शब्द न गाळता. वाचताना आवाज हलला नाही. आबानं मान हलवली आणि घरात चहाचं सांगितलं. मी म्हटलं, "हरिभाऊ, मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. चुकलं माझं. माफ करता आलं तर करा."

"कागदाची दुसरी प्रत हाय का?" त्यानं विचारलं.

मी दिली. त्यानं ती बाजेवर ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यात खाली, माझ्या सहीच्या बाजूला, एक शब्द लिहिला. त्याखाली तारीख, त्याखाली सही. आणि प्रत मला परत दिली.

त्यानं लिहिलं होतं, पोच.

"हे काय, हरिभाऊ?"

"तहसीलात अर्ज दिल्यावर देत्यात की, तसं. कागद मिळाला म्हणून. मंजूर झाला असं नाय त्यात. बाकीचं मला सध्या जमणार नाय, मॅडम. खोटं कशाला लिवू?"

आम्ही चहा घेतला. आबानं मेंढरांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, मी पावसाबद्दल विचारलं. हरिभाऊ जीपपर्यंत सोडायला आला. परतीच्या एसटीत दौलताबादचा घाट उतरेपर्यंत तो कागद माझ्या मांडीवर होता. पाहिलं, पण पटलं असं नाही. मिळालं, पण मिटलं असं नाही. एवढं सगळं एका शब्दात बसत होतं. कचेरीच्या खिडकीत उभा राहिलेल्या कुठल्याही माणसाला तो येतो. मला चार शब्दकोशांत सापडला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही जिथं जिथं मराठी पडदे दिले होते तिथली सगळी बटणं बदलली. प्रत्येक ओळीची वेगळी पोच, आणि दिसत नसलेल्या ओळीची पोच घेताच येत नाही. नव्या पोरी शिकायला येतात तेव्हा विचारतात, हा शब्द कुणाला सुचला. मी हरिभाऊचं नाव सांगते.

आता मी काम बंद केलं आहे. मुजीब ऑफिस बघतो. ती प्रत माझ्या कपाटात आहे. पोच मिळालेली आहे, सही आणि तारखेसह. मान्य झाल्याचं अजून कळलेलं नाही.